शीतपित्तातील शोथ : हिस्टामिन व रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर

माधवनिदानात शीतपित्ताच्या शोथास गांधीलमाशीच्या दंशाची उपमा दिली आहे. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानेही ती समर्पक ठरते. गांधीलमाशीच्या विषात हिस्टामिन असते आणि शीतपित्तात त्वचेतील मास्ट पेशींतून हेच द्रव्य बाहेर पडते. त्याचे कार्य नीट जाणून घेतल्यास चिकित्सेतील एक गंभीर चूक टाळता येईल, असे आम्हास वाटते.

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस एंडोथेलियल पेशींचा एकपदरी अंतःस्तर असतो. या पेशींवरील एच-१ ग्राहींशी हिस्टामिनचा संयोग होताच पेशींतील मुक्त कॅल्शियम वाढते. त्यामुळे एकीकडे नायट्रिक ऑक्साइड निर्माण होऊन वाहिनीचे स्नायू शिथिल होतात व वाहिनी विस्फारते. लाली व उष्णता दिसते ती यामुळे. दुसरीकडे अंतःस्तराच्या पेशी आकुंचन पावतात, त्यांना जोडणारे बंध सैल होतात आणि मध्ये फटी पडतात. केशवाहिन्यांपुढील सूक्ष्म नीलांमधील या फटी माज्नो व पलाडे यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविल्या. फटींतून रक्तरस झिरपतो, तोच शोथ होय. शिवाय काही मिनिटांतच पी-सिलेक्टिन हे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावर येते. त्यास श्वेतपेशी अडखळतात व दाह पुढे चालू राहतो.

त्वचेपुरती मर्यादित असलेली ही क्रिया सर्व शरीरात एकाच वेळी घडली, तर रक्तरस वाहिन्यांबाहेर जाऊन रक्तदाब कोसळतो व स्वरयंत्रास सूज येऊन श्वास अडतो. अशा वेळी हरिद्राखंड अथवा अँटीहिस्टामिनची गोळी देऊन वाट पाहणे घातक ठरते. अँटीहिस्टामिन केवळ हिस्टामिनचे ग्राही अडविते. मास्ट पेशींतून सुटणाऱ्या ल्युकोट्रिनादी अन्य द्रव्यांवर त्याचा इलाज चालत नाही, आणि पोटात घेतलेल्या गोळीस वेळही लागतो. अ‍ॅड्रेनालिन मात्र वाहिन्यांचा संकोच करते, श्वासनलिका मोकळ्या करते व मास्ट पेशींचा स्रावही रोखते. प्रौढांस त्याची मात्रा ०.५ मिलिग्रॅम असून ते मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यभागी, स्नायूत दिले जाते.

म्हणून मंडलांसोबत आवाज घोगरा होणे, धाप लागणे, वारंवार उलट्या होणे वा भोवळ येणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास अ‍ॅड्रेनालिनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ हलवावे. तोवर त्यास उभे करू नये, चालवू नये. पाय उंच करून निजवावे, धाप असल्यास बसू द्यावे. औषधालयचालकांनीही केवळ ‘पित्त उठले’ एवढ्या सांगण्यावर गोळी देण्यापूर्वी ही लक्षणे आवर्जून विचारावीत. शमनचिकित्सेस पुढे अवकाश आहेच. त्यासाठी रुग्ण आधी वाचला पाहिजे.