विश्लेषण : शेल खडकातील पाणी वायूची वाट कशी अडवते?

चंद्रपूर-गडचिरोली भागात गोंडवाना काळातील कोळसा आणि शेल खडकाचे थर आहेत. अशाच गोंडवाना शेलमध्ये पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ ओएनजीसीला २०११ मध्ये वायू सापडला होता.

पाणी राहते कुठे?
वरोऱ्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामागे स्मेक्टाइट हे पाणी शोषणारे खनिज असते. शेलमध्येही चिकणमातीची खनिजे असतात. काही पाणी त्यांच्या कणांना चिकटून बसते, तर काही केसापेक्षा हजारो पटींनी बारीक छिद्रांत अडकते.

परिणाम काय?
मिथेन वायूही याच पृष्ठभागांना चिकटतो. पाण्याने आधी जागा धरली, की वायूला कमी जागा उरते. छिद्रांची तोंडे पाण्याने बुजली, तर आहे तो वायूही विहिरीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय खारे पाणी वीजवाहक असल्याने विद्युतरोध मोजून बांधलेला साठ्याचा अंदाज चुकू शकतो.

हे महत्त्वाचे का?
शेल फोडण्यासाठी एका विहिरीत कोट्यवधी लिटर पाणी दाबाने सोडावे लागू शकते. त्यातील बरेचसे खडकातच मुरते. त्यामुळे वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यात वायूचा हिशेब मांडताना पाण्याचा हिशेबही आधीच मांडावा लागेल.