गणवेशाचे पैसे पुन्हा शाळेच्या समितीकडे: आपल्या गटांनी काय करायचं?

हल्ली कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो, "ताई, शाळेचे कपडे शिवायचं काम आपल्याला मिळणार की नाही?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

आधी थोडं मागचं सांगते. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाचे दोन जोड मोफत मिळतात. समग्र शिक्षा योजनेत एका जोडाला ३०० रुपये धरलेत, म्हणजे एका मुलामागे वर्षाला ६०० रुपये. केंद्राच्या नियमात सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुलं बसतात. त्यामुळे पूर्वी एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला नवा सदरा मिळायचा आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसायचा. २०२३-२४ पासून राज्य सरकारनं स्वतःच्या पैशातून उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायला सुरुवात केली, सोबत एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे. हे चांगलं झालं.

गोंधळ आहे तो पैसे कोणाच्या हाती द्यायचे याचा. पूर्वी ते शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. मग २०१७ च्या सुमारास ठरलं की पैसे थेट आई आणि मुलाच्या जोडखात्यात जावेत. तेव्हा दोन जोडांचे ४०० रुपये होते. त्यासाठी खातं उघडायला आईनं मजुरी बुडवून बँकेत जायचं, एसटीचं भाडं भरायचं, आणि कित्येक ठिकाणी आधी कपडे घ्या, पावती दाखवा, मग पैसे. ज्यांना आठवतंय त्या माना डोलावत असतील. ती पद्धत फार टिकली नाही, पैसे पुन्हा समितीकडे आले.

मग २०२३ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' ही घोषणा झाली. त्या वर्षी शाळांनी आपापलं कापड आधीच ठरवलं होतं, म्हणून एक जोड शाळेचा आणि एक राज्याचा असा मधला मार्ग निघाला. २०२४-२५ ला मात्र कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली. सुमारे ४५ लाख मुलं. एक जोड आकाशी सदरा आणि गडद निळी पँट किंवा स्कर्ट असा; तो शिवायचं काम माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचत गटांना द्यायचं. दुसरा जोड स्काउट-गाईडचा. त्याचं कापड शाळेच्या समितीला द्यायचं आणि शिलाईला १०० रुपये, वर किरकोळ खर्चाला १० रुपये.

बचत गटांना काम, हे ऐकून आपण सगळ्या खूश झालो होतो. पण पुढे काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. १५ जूनला शाळा भरल्या, १५ ऑगस्टचं झेंडावंदन झालं, आणि राज्यभर कित्येक शाळांत मुलं जुन्याच कपड्यांत उभी होती. जिथे कपडे पोचले तिथे कुणाच्या बाह्या कोपराखाली लोंबत होत्या, तर कुणाचं बटण लागत नव्हतं. वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि बोट दाखवलं गेलं शिवणाऱ्या बायकांकडे.

मला हे पटत नाही. शिवणकाम येणाऱ्या कुणालाही विचारा. गावातला शिंपी सदरा शिवतो तेव्हा मूल समोर उभं असतं. सहावीतली एक मुलगी चौथीतली वाटते, दुसरी कॉलेजातली वाटते. इयत्तेवरून माप धरलं की दोघींचंही चुकणार. जिने मशीन चालवली तिने ते मूल पाहिलंच नव्हतं. कापड हातात उशिरा पडलं तर दिवसाचे तास कुणाला वाढवता येत नाहीत, त्यात आषाढ-श्रावणात आपल्याकडे लावणी असते. मुंबईत बसून ४५ लाख मुलांची मापं घेता येत नाहीत, इतकी साधी गोष्ट होती.

अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय फिरवला. २०२५-२६ या वर्षापासून दोन्ही गणवेशांचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीला मिळायचे आणि रंग, कापड, नमुना समितीनं ठरवायचा. ज्या शाळेत स्काउट-गाईड आहे तिथे दोनांपैकी एक जोड त्या पद्धतीचा. म्हणजे आता आपल्या गटाला काम देणार कोण? मुंबईचं कुठलं ऑफिस नाही, तर आपल्याच गावची समिती. तिथे कोण बसलंय हे आपल्याला माहीत आहे का?

बहुतेक ठिकाणी आपलीच माणसं बसलेली असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हवी, म्हणजे वाडी-पाड्यावरची कातकरी, ठाकर घरं त्यात आली. आपल्या राज्यात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडायचे, मुख्याध्यापक सदस्य-सचिव. बैठक दर महिन्याला. कागदावर नाव आहे, सही घरी आणून घेतली जाते आणि बैठक कधी झाली ते बाईला माहीत नाही, असा प्रकार असेल तर तो मोडायला हीच वेळ आहे. वही मागा, इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. सदस्य म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आता हिशेब करू. समजा शाळेत ४८ मुलं आहेत. ४८ गुणिले ६०० म्हणजे २८,८०० रुपये. यात कापड, अस्तर, बटणं, दोरा, शिलाई, आणणं-नेणं सगळं बसवायचं. एका जोडाचे ३००. त्यात शिलाई शंभर धरली तर बाकीच्या सगळ्याला २०० उरतात. पहिलीच्या पोराच्या सदरा-चड्डीला ते पुरून उरतात. आठवीच्या मुलीच्या सलवार-कमीज-ओढणीला ओढाताण होते. म्हणून दर सांगताना एका मुलाचा सांगू नका, पूर्ण शाळेचा सांगा. लहानांत वाचलेलं मोठ्यांत घालता येतं. शाळा पाचवीपर्यंतचीच असेल तर काम परवडेल. वरचे वर्ग जास्त असतील तर आधी पट मागून घ्या, कुठल्या वर्गात किती मुली, किती मुलगे, मग आकडा बोला. उल्हासनगरच्या बाजारात घाऊक कापड मिळतं, भिवंडी तर कापडाचं गावच आहे. तीन-चार शाळांचं कापड ग्रामसंघानं एकत्र उचललं तर भाव उतरतो, टेम्पोचं भाडंही वाटलं जातं.

समितीला अर्ज द्याल तो गटाच्या नावानं, ठराव जोडून. सोबत आपला दर आणि शिवलेला एक नमुना. समितीला इतरांचीही दरपत्रकं मागवावी लागतात, तेव्हा "आम्ही गावच्याच आहोत, आम्हालाच द्या" असं म्हणून भागत नाही. नमुन्याची शिवण दुहेरी असेल, आत वाढवायला दोन बोटं कापड ठेवलेलं असेल, तर दुकानातल्या तयार मालापुढे आपला कपडा उजवा ठरतो. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. गटातली एखादी ताई समितीची सदस्य असेल तर ज्या दिवशी दरावर निर्णय होईल त्या दिवशी तिनं त्या विषयापुरतं बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्यावं. नाहीतर उद्या गावात बोलायला तोंडं भरपूर असतात.

कामाचं पत्र हातात आल्याशिवाय गटाच्या कर्जातून कापड आणू नका. पैसे महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडून जिल्ह्याला आणि तिथून समितीच्या खात्यावर येतात, आणि ते नेहमी वेळेवर येतील याची खात्री कोणी देत नाही. उशीर झाला तर व्याज आपल्या डोक्यावर. पत्रात मुलांची संख्या, दर, कपडे द्यायची तारीख आणि पैसे कधी मिळणार हे चारही लिहून घ्या. पैसे रोख घेऊ नका, गटाच्या खात्यातच घ्या. उद्या बँकेकडे मोठं कर्ज मागाल तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

शासन निर्णय, म्हणजे ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो आपल्यापर्यंत येतो कसा हेही माहीत असू द्या. मंत्रालयातल्या शालेय शिक्षण विभागातून तो निघतो, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, आणि शेवटी मुख्याध्यापक. इतक्या पायऱ्या उतरताना कागद कुठेतरी बसतो. शिवाय आता मोबाईलवर जुने कागद नवे म्हणून फिरतात. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ ला हिंदी सक्तीचा निर्णय, १७ जूनला त्यात बदल, आणि जून संपता संपता दोन्ही निर्णय रद्द, वर डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. अडीच महिन्यांत तीन वळणं, आणि त्यानंतरही एप्रिलचा कागद कुणीतरी पुढे ढकलतच होतं. म्हणून कुठलाही जीआर आला की आधी तारीख बघा. शेवटी लांबलचक संकेतांक असतो, तो टाकला की शासनाच्या संकेतस्थळावर मूळ कागद मराठीत, फुकट मिळतो. गटातल्या बारावी झालेल्या पोरीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

कल्याण-डोंबिवलीतल्या मैत्रिणींसाठी थोडं वेगळं. महापालिकेची शाळा असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन उपयोग नाही, पालिकेच्या शिक्षण विभागात प्रशासन अधिकारी असतात, तिथे जायचं. २०१५ साली पालिकेत आलेल्या २७ गावांकडच्या बायका तर नेहमी विचारतात की आपली शाळा नक्की कोणाची. सोपं आहे, फाटकावरची पाटी वाचा किंवा मुख्याध्यापकांना विचारा. पालिकेची असो वा जिल्हा परिषदेची, समिती दोन्हीकडे असते आणि कायदा एकच.

कपडे वेळेत आले नाहीत, माप चुकलं, पैसे अडकले, तर आधी समितीच्या बैठकीत लेखी मांडा. तिथे हललं नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कार्यालयात कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक काम मात्र जूनची वाट न बघता करता येतं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं मामाच्या गावाला पांगतात, म्हणून एप्रिलमध्येच शाळेत एक दुपार मागून घ्या आणि प्रत्येक मुलाचं माप वहीत उतरवा: छाती, कंबर, उंची, बाही. पहिलीत येणारी नवी मुलं अंगणवाडीत सापडतील. जूनपर्यंत पोरं वाढतात, तेव्हा उंचीत दीड-दोन इंच सोडा, मुलींच्या कमीजला थोडं जास्तच. मापाची ती वही समितीसमोर ठेवलीत, की दरपत्रकं उघडायच्या आधीच त्यांना कळेल की हे काम कोणाला जमणार आहे.