कडेवर तोललेलं नाणं

2 पैशांचं कंगोऱ्यांचं अ‍ॅल्युमिनिअमचं नाणं वजनाला जेमतेम 1 ग्रॅम. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली, तरी जुन्या डब्यांच्या तळाशी ती अजून खुळखुळतात. अ‍ॅल्युमिनिअम पाण्याच्या 2.7 पट जड. म्हणजे पाण्यात टाकलं की तळ गाठायला हवा, आणि टाकलं तर गाठतंच. पण नीट ठेवलं तर तरंगतं.

ठेवण्यातच सगळं कसब. स्टीलच्या परातीत पाणी घ्यावं, नाणं काट्याच्या दातांवर आडवं ठेवावं आणि काटा सपाट धरून हळूहळू खाली न्यावा. दाते पाण्यात जातात, नाणं वर सुटतं. हात जरासा तिरका झाला की एका कडेवरून पाणी आत शिरतं आणि नाणं खाली. घासून लख्ख केलेल्या नाण्यापेक्षा बोटांचा तेलकटपणा लागलेलं नाणं जास्त टिकतं, कारण त्याच्या काठावरून पाणी सहजी पुढे सरकत नाही.

आता डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे. नाण्याची वरची बाजू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा मिलिमीटरभर खाली आहे, आणि तरीही कोरडी ठणठणीत. सभोवती पाणी उतरत उतरत त्याच्या कडेला येऊन थांबलंय.

पृष्ठताण म्हणजे पाण्यावरचा ताणलेला पडदा, असं शाळेत शिकवतात. मला ते अर्धंच पटतं. नाण्याचं स्वतःचं आकारमान सुमारे 0.37 घन सेंटिमीटर, म्हणजे आर्किमिडीजच्या हिशेबाने 0.37 ग्रॅमचाच आधार. उरलेला 0.63 ग्रॅम त्या खळग्यातून येतो. नाण्याच्या डोक्यावरची रिकामी जागा आणि कडेबाहेरचा उतार मिळून तेवढंच पाणी बाजूला सारलेलं असतं. कडेवर पृष्ठताणाचा वर ओढणारा जोर हा बाहेरच्या उताराने हटवलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो, हे गणिती जोसेफ केलर यांनी 1998 मध्ये सर्वसाधारण रूपात मांडलं. आर्किमिडीज खोटा पडत नाही; फक्त होडी मोजताना खळगाही मोजावा लागतो.

तोलाचंही तेच. नाण्याच्या एका बाजूला तांदळाचा दाणा ठेवला की ती बाजू खाली कलते, तिथला खळगा खोल होतो आणि तिथलाच आधार वाढतो. नाणं कललेलं राहतं, पण उलटत नाही. दाणे वाढवत गेलं तर मात्र एका क्षणी पाणी कड ओलांडतं, आणि मग सावरणं नाही. भांडी घासायच्या साबणाच्या एका थेंबानेही हेच होतं. ताण निम्म्याहून खाली येतो, पाणी धातूवर पसरतं.

दुसरं नाणं थोड्या अंतरावर सोडलं तर दोन्ही एकमेकांकडे सरकतात आणि चिकटतात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या उतारावर घसरत असतो. लाकडाची ढलपी मात्र नाण्यापासून दूर जाते. तिच्याभोवती पाणी वर चढलेलं असतं, म्हणून तिला चढ हवा असतो, आणि तो परातीच्या काठाशी मिळतो. डॉमिनिक वेला आणि एल. महादेवन यांनी 2005 मध्ये याचा हिशेब छान सोडवला आहे, न्याहारीच्या दुधात तरंगणाऱ्या सीरिअलच्या कड्यांच्या निमित्ताने.

दुधाचा विषय निघालाच आहे तर लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजणारं तरंगतं मापक. तिथे पाणी उलटं वागतं: काचेच्या दांडीवर वर चढतं आणि तिला खाली ओढतं. 5 मिलिमीटर जाडीच्या स्वच्छ दांडीवर साध्या पाण्याचं हे ओझं 0.1 ग्रॅमहून थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्याने दांडी जवळजवळ 6 मिलिमीटर खोल जाते. दुधाचा पृष्ठताण पाण्याहून कमी, म्हणून तिथे ओढ कमी; तरी आकड्यात फरक पडण्याइतकी उरतेच. म्हणून अशी तरंगणारी मापकं आखताना कोणत्या पृष्ठताणासाठी आखायची हेही ठरवावं लागतं. दांडी तुपकट असेल तर द्रव नीट चढत नाही, मापक वर राहतं आणि दूध आहे त्याहून दाट दिसतं. मोजणाऱ्याने दांडी वरच्या टोकाला धरावी ती त्यासाठीच.