करिंथचें न्यायासन

अथेन्सहून करिंथ सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. सकाळीं प्रवाशांची मोटार निघते व मार्गदर्शकासह सर्व दाखवून सायंकाळीं परत आणते. आमचे दादा न्यायखात्यांतून निवृत्त झालेले. त्यांना प्राचीन ग्रीसचा नाद. वहिनींनीं निघण्यापूर्वीं मराठी बायबलांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ वाचून काढलीं होतीं. अशा दोन पंडितांमध्यें मी केवळ पिशव्या वाहणारा होतों.

वाटेंत करिंथचा कालवा लागला. दोन समुद्र जोडण्यासाठीं ६ किलोमीटरांहून अधिक लांब खडक उभा चिरला आहे. पुलावरून खालीं पाहिलें कीं पोटांत गोळा उठतो. हें काम नीरो बादशहानें इ. स. ६७ मध्यें आरंभिलें व त्यावर ६००० यहुदी युद्धकैदी धाडण्यांत आले. तें पुरें मात्र १८९३ सालीं झालें.

जुनें करिंथ रोमन सेनापति मुम्मियस यानें ख्रि. पू. १४६ मध्यें उध्वस्त केलें आणि ज्युलियस सीझरनें ख्रि. पू. ४४ मध्यें पुन्हां वसविलें. म्हणून येथील बहुतेक अवशेष रोमन आहेत. अपोलोच्या देवळाचे सात खांब तेवढे अस्सल ग्रीक, ख्रि. पू. सहाव्या शतकांतील. एकेक खांब अखंड दगडाचा व सुमारें ७ मीटर उंच. दादा तेथून हलावयास तयार होईनात.

खालच्या बाजारपेठेंत एक दगडी चौथरा आहे. तेंच रोमन सुभेदाराचें न्यायासन. तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत पौल या शहरीं दीड वर्ष राहिला होता. अक्विला व प्रिस्किल्ला या त्याच व्यवसायाच्या दांपत्यानें त्याला आपल्या घरीं ठेवून घेतलें होतें. कांहीं यहुदी लोकांनीं त्याला येथें गल्लियो सुभेदारापुढें उभें केलें; हा नियमशास्त्राविरुद्ध भक्ति शिकवितो, ही फिर्याद. डेल्फी येथील शिलालेखांत गल्लियोचें नांव सांपडल्यामुळें हा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. गुन्हा कोणताच नाहीं, वाद शब्दांचा व तुमच्या धर्मशास्त्राचा आहे, तुमचें तुम्ही पाहा, असें म्हणून गल्लियोनें सर्वांना हांकून दिलें.

“निकाल अचूक आहे,” दादा म्हणाले. “न्यायाधिशानें धर्माच्या वादांत पडूं नये.”

“आणि लगेच याच चौथऱ्यापुढें लोकांनीं सोस्थनेसाला मारलें, तें?” वहिनी म्हणाल्या. “सभास्थानाचा अधिकारी तो. गल्लियोनें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. मारहाण हा कांहीं शब्दांचा वाद नव्हे.”

“त्याची फिर्याद आली नसेल.”

“डोळ्यांदेखत मारीत होते ना? भाऊजी, तुम्हीच सांगा.”

मी पिशव्या सांवरून घेतल्या. चाळीस वर्षांच्या संसारांत धाकट्या दिरानें कोठें गप्प बसावें हें मला समजतें. दादा मात्र त्यानंतर जेवतांनाहि फारसे बोलले नाहींत.

शेवटीं मोटार किंख्रिया बंदरावर थांबली. याच बंदरांत पौलानें नवसाप्रमाणें डोक्याचे केस कापविले व मग तो सीरियाकडे निघाला. आतां तेथें जुन्या धक्क्याचे दगड आहेत आणि एका प्राचीन ख्रिस्ती मंदिराचा पाया अर्धवट समुद्रांत बुडालेला दिसतो. पाणी अगदीं नितळ होतें. दादा एका दगडावर बसले.

“त्या सोस्थनेसाचें पुढें काय झालें?” त्यांनीं विचारलें.

वहिनी म्हणाल्या, “करिंथकरांना पौलानें जें पत्र धाडलें, त्याच्या आरंभींच पौलाच्या नांवाबरोबर सोस्थनेस असें नांव आहे. तोच कीं दुसरा, याचा पुरावा नाहीं.”

“तोच असेल,” दादा म्हणाले.