पिशवी कोणी वाहिली?

विंचूरच्या चौफुलीवर नाशिकची एसटी पकडली की निफाड, चांदोरी मागे टाकत पन्नासेक किलोमीटरवर शहर लागतं. तिथे रिक्षावाल्याला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' सांगितलं तर तो क्षणभर आठवतो. 'गोल्फ क्लब' म्हटलं की लगेच 'बसा' म्हणतो. आमच्याकडची मुलं त्या मैदानावर रणजीचे सामने बघायला गेली आहेत, पोलीस भरतीच्या तयारीला तिथे धावली आहेत. गोल्फ मात्र त्यांच्यापैकी कुणी तिथे पाहिलेला नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. तरी नाव टिकून आहे.

या नावामागे ब्रिटिश अमदानीतला रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब आहे. साऱ्या पश्चिम हिंदुस्थानचं नाव लावणारा क्लब मुंबईत नव्हता, पुण्यातही नव्हता, तो नाशिकला होता. याचं कारण मला नकाशात आणि पावसात दिसतं. थळ घाटातला रेल्वेमार्ग 1865 मध्ये खुला झाला आणि मुंबईचा साहेब एका दिवसात घाटमाथ्यावर येऊ लागला. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मुंबईची मैदानं चिखलात असताना नाशिकच्या माळावर चेंडू घरंगळत जात असे. शिवाय थंड हवा आणि मोकळी जमीन. गोल्फला आणखी काय लागतं?

पाणी लागतं, असं आज कुणीही म्हणेल. त्या काळच्या हिंदुस्थानात अनेक ठिकाणी त्यावाचून भागवलं जाई. ज्या गोलाकार जागेत शेवटी चेंडू खळग्यात ढकलायचा, तिला जगभर 'ग्रीन' म्हणतात. आपल्याकडच्या कोरड्या छावण्यांमध्ये तिथे गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू चोपून बसवत आणि तिला 'ब्राऊन' म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

गोल्फ हा युरोपचा खेळ, आपल्याकडे उशिरा आला, असा आपला समज असतो. दक्षिण युरोपपुरता तरी तो उलटा आहे. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला क्लब फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी, पो या गावी 1856 मध्ये निघाला. म्हणजे आज ज्या स्पेन-पोर्तुगालला लोक खास गोल्फची सुटी घालवायला जातात, तिथे हा खेळ पोहोचायच्या आधी तो मुंबईत रुळला होता.

पोर्तुगालमधली सुरुवात विंचूरकरांनी ऐकावी अशी आहे. पोर्तो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. ते तिथली गोड, कडक पोर्ट वाइन पिंपांत भरून इंग्लंडला पाठवत. वाइनच्या धंद्यातल्या याच मंडळींनी 1890 मध्ये जवळच्या एस्पिन्योला गोल्फ क्लब काढला. द्राक्षाच्या पैशातून त्या देशातलं पहिलं गोल्फ मैदान झालं. आपल्या गावात 2001 च्या राज्य धोरणानंतर औद्योगिक विकास महामंडळाचं वाइन पार्क उभं राहिलं, तेव्हा वाइनच्या मागोमाग पर्यटन येईल असं बोललं गेलं. ते बोलणं हवेतलं नव्हतं. जगात तसं घडलेलं आहे.

पण दक्षिण पोर्तुगालचा अल्गार्व किनारा वाइनने उभा केला नाही, विमानाने केला. फारो शहराचा विमानतळ 1965 मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पोर्तिमाँवजवळ पेनिना इथे त्या किनाऱ्यावरचं पहिलं गोल्फ मैदान खुलं झालं. ते आखलं हेन्री कॉटन यांनी. 1934, 1937 आणि 1948 अशी तीनदा ब्रिटिश ओपन जिंकलेला हा माणूस. त्यांना मिळालेली जमीन होती भाताची खाचरं. पाय ठेवला की रुतायचा. कॉटननी तिथे प्रचंड संख्येने झाडं लावली, निलगिरी मोठ्या प्रमाणावर, आणि झाडांकडून जमिनीतलं पाणी उपसून घेतलं. आपल्याकडे निलगिरीने विहिरी आटतात म्हणून शेतकरी बोटं मोडतो, नेमकी तीच खोड तिथे भांडवल झाली. त्या मैदानावर कॉटन यांची काठ्यांची पिशवी एक गाढव वाहत असे. त्याचं नाव पॅसिफिको. पिशवी वाहणाऱ्या त्या गाढवाचं नाव आजही लोकांना माहीत आहे.

आज अल्गार्वमध्ये चाळीसेक मैदानं आहेत, स्पेनच्या कोस्ता देल सोल भागात सत्तरच्या आसपास. ब्रिटन, जर्मनी, स्वीडनमधली मैदानं गारठली की तिथले लोक चार-पाच दिवसांसाठी दक्षिणेत उतरतात. त्यामुळे खरा हंगाम फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर. भर उन्हाळ्यात किनारा गजबजलेला असतो, गोल्फचे दर मात्र उतरतात. खेळणाऱ्याला वेळ आधी आरक्षित करावी लागते. बऱ्याच नावाजलेल्या मैदानांवर हँडिकॅपचा दाखला, म्हणजे आपल्या खेळाच्या पातळीचं प्रमाणपत्र, मागतात.

आपल्यातल्या बहुतेकांना खेळायचं नसतं, पण स्पर्धा बघता येते, आणि ती बघण्याची रीत क्रिकेटहून पार वेगळी आहे. व्यावसायिक स्पर्धा साधारणपणे गुरुवार ते रविवार चालते. रोज अठरा होल, म्हणजे खळगे, चार दिवसांत बहात्तर. शुक्रवारी संध्याकाळी गुणसंख्येची रेघ ओढतात आणि जवळजवळ निम्मे खेळाडू घरी जातात. सामना एका जागी घडतच नाही. एकाच वेळी सगळ्या मैदानभर तो चालू असतो, त्यामुळे प्रेक्षकही चालतो. दोरीच्या बाहेरून एखाद्या गटामागे अठरा होल करायचे म्हणजे सात-आठ किलोमीटरची पायपीट. वारीला जाणाऱ्या माणसाला ती जड नाही. पाय दुखत असतील तर कमी अंतराच्या एखाद्या होलजवळ बसावं, सगळे खेळाडू एकेक करून समोरून जातात. स्वयंसेवकाने हात वर केला की हजारो माणसं एकदम गप्प होतात, त्या शांततेत फक्त काठीचा आवाज येतो. माझा सल्ला विचाराल तर बुधवारपर्यंतच्या सरावाच्या दिवसांपैकी एखादा दिवस गाठावा. गर्दी कमी असते आणि खेळाडू मोकळेपणाने वावरत असतात.

स्पेन-पोर्तुगालमधला सर्वांत गाजलेला सामना 1997 चा. युरोप आणि अमेरिका यांच्यातला रायडर चषक तेव्हा पहिल्यांदा युरोपच्या मुख्य भूमीवर खेळला गेला, स्पेनच्या दक्षिण टोकाला वाल्देरामा इथे, बुचाच्या ओक झाडांमधल्या मैदानावर. पाऊस धो धो पडला. युरोप साडेचौदा विरुद्ध साडेतेरा गुणांनी जिंकला. कर्णधार होते सेवे बायेस्तेरोस. खेळाडू झुंजत असताना ते छोट्या गाडीतून मैदानभर धावत होते.

या सेवेंपाशी मला थांबायचं आहे. त्यांचा जन्म 1957 चा, उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्या या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं. गावाशेजारी गोल्फ क्लब, पण तो सभासदांचा. गावची पोरं तिथे जात ती सभासदांच्या पिशव्या वाहायला. सेवेंनीही वाहिल्या. मैदानावर खेळायला बंदी, म्हणून समुद्राच्या वाळूत एकाच लोखंडी काठीने ते तासन् तास चेंडू मारत. पुढे त्यांनी तीनदा ब्रिटिश ओपन आणि दोनदा मास्टर्स जिंकली. 2011 मध्ये ते गेले तेव्हा युरोपभर शोक झाला.

आपल्या देशातही हीच वाट आहे. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा, होता. एस. एस. पी. चौरासियाचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर गवताची निगा राखत. इतर वाटांनीही भारतीय खेळाडू पुढे गेले. ज्या वाल्देरामावर सेवेंनी संघ जिंकवला, तिथेच 2006 मध्ये जीव मिल्खा सिंगने व्होल्वो मास्टर्स जिंकली. 2023 च्या नोव्हेंबरात बंगळुरूची अदिती अशोक अंदलूसियात महिलांची स्पॅनिश ओपन जिंकून आली. पुण्यात घडलेला उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला.

मग नाशिकचं काय?

नाशिकच्या मैदानावर साहेब खेळत होता तेव्हा पिशव्या कुणीतरी उचलल्याच असणार. त्या काळी आपल्या मैदानांवर एक पोऱ्या पिशवी घेई आणि दुसरा पुढे धावून चेंडू कुठे पडला ते बघे. या दुसऱ्याला इंग्रज क्लबांतसुद्धा 'आगेवाला' असंच म्हणत. नाशिकचे आगेवाले कोण होते? कुठल्या वाडीतले, कुठल्या वस्तीतले? चषकांवर जिंकणाऱ्यांची नावं कोरतात. आगेवाल्याचं नाव कुठल्याही चषकावर नसतं.

मैदानाला मात्र एका मुलाचं नाव मिळालं. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी, विशीच्या आतल्या अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह त्याला फाशी झाली. साहेबांच्या खेळाच्या मैदानाला पुढे याच मुलाचं नाव दिलं गेलं आणि शहराने तिथे क्रिकेट खेळायला, पहाटे फिरायला सुरुवात केली. हा निर्णय मला पूर्ण योग्य वाटतो. मूठभर माणसांसाठी राखलेली जागा हजारोंची झाली.

म्हणूनच, वाइन पार्कच्या जोडीला निफाड तालुक्यात गोल्फ मैदान आणावं, असं कुणी सुचवलं तर मी विरोध करीन. अठरा होलच्या मैदानाला पन्नास-साठ हेक्टर जमीन जाते आणि त्या गवताला उन्हाळाभर पाणी पाजावं लागतं. विंचूर-लासलगाव आणि भोवतालची गावं नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर तहान भागवतात. तो जलाशय 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरला, पक्ष्यांसाठी जगभर नोंदला गेला. अल्गार्वनेही पाण्याचा फटका खाल्ला आहे. 2024 च्या दुष्काळात तिथल्या सरकारने शेतीचं पाणी पंचवीस टक्के आणि शहरं-पर्यटनाचं पंधरा टक्के कापायचं ठरवलं. पर्यटनापेक्षा शेतकऱ्याच्या बागेच्या पाण्याला मोठी कात्री लावायचं ठरलं. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर एक पाणी चुकलं तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अल्गार्ववाल्यांकडून घ्यायचं ते दुसरं आहे. त्यांनी आपला हंगाम ओळखला आणि विमानाच्या वेळापत्रकाला जोडला. आपला हंगाम डिसेंबर ते मार्च. त्या दिवसांत निफाडची थंडी राज्यात गाजते, बागा घडांनी लगडतात, वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते आणि मध्यमेश्वरला परदेशी पक्षी उतरतात. गवताचा एक वाफाही न लावता एवढं सगळं इथे आहे. आणि कुणाला गोल्फच खेळायचा असेल तर आजोबांच्या काळच्या तेल-वाळूच्या 'ब्राऊन'वरही तो खेळता येतो.

शेवटी वाचकांना एक विनंती आहे. नाशिक, देवळाली, निफाड, सिन्नर भागातल्या कुणाचे आजोबा-पणजोबा नाशिकच्या गोल्फ क्लबात कॅडी, आगेवाले किंवा माळी असतील, घरात एखादी जुनी काठी, चेंडू, पगाराची चिठ्ठी, फोटो पडून असेल, किंवा नुसती सांगोवांगीची आठवण असेल, तर ती या अंकाच्या पत्त्यावर लिहून कळवा. माणसाचं नाव, गाव आणि साल, एवढं लिहिलंत तरी पुरे.