सीतापाराइट : एका खनिजाची नामकथा

पांढुर्णा व सौसर हा प्रदेश कपाशी आणि संत्री यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु सौसरचे नाव जगातील भूशास्त्रज्ञांस मुख्यतः मँगनीजमुळे ठाऊक आहे. ज्या प्राचीन खडकांत हे खनिज आढळते, त्यांस शास्त्रात ‘सौसर समूह’ असेच म्हणतात. याच पट्ट्यातील सीतापार या गावाचे नाव एके काळी एका स्फटिकी खनिजास लाभले होते. ते कसे मिळाले व कसे गेले, हे आपल्या व्यापारी बंधूंनी जाणून घेण्याजोगे आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मोर यांनी भारतातील मँगनीजच्या साठ्यांचा बृहद्ग्रंथ लिहिला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. सीतापार येथील गडद, धातूसारखी चकाकी असलेले एक खनिज त्यांस निराळे वाटले. मँगनीज व लोह यांचे ते ऑक्साइड होय. फर्मोर यांनी त्यास ‘सीतापाराइट’ हे नाव दिले. यातील ‘आइट’ हा प्रत्यय मूळ ग्रीक असून ‘अमुक ठिकाणचा’ किंवा ‘अमुकाशी संबद्ध’ असा त्याचा अर्थ आहे. आपण गावाच्या नावास ‘कर’ जोडून आडनाव करतो, तसाच हा प्रकार.

पुढे १९४२ साली ब्रायन मेसन यांनी दाखविले की, सीतापाराइट आणि ‘बिक्सबाइट’ ही दोन खनिजे नसून एकच आहे. अमेरिकेतील युटा प्रांतात पुष्कराजाच्या सोबतीने काळे घनाकृती स्फटिक सापडले होते. खनिजसंग्राहक मेनार्ड बिक्सबी यांच्या सन्मानार्थ त्यांचे नामकरण १८९७ सालीच झाले होते. शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव ग्राह्य धरले जाते. खतावणीत एकाच आसामीची दोन खाती निघाली, तर नव्या खात्याची बाकी जुन्यात ओढून नवे बंद करावे लागते. बारा वर्षांच्या अंतराने सीतापारचे खाते असे बंद झाले.

यात अन्याय झाला काय? आपल्या तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य व भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. गुणाची अपेक्षा न ठेवता केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव, तो नामनिक्षेप. ‘इंद्रनील’ या शब्दातील ‘नील’ रत्नाचा रंग सांगतो. ‘सीतापाराइट’ व ‘बिक्सबाइट’ यांपैकी एकही नाव खनिजाचा गुण सांगत नाही. एक जन्मस्थान सांगते, दुसरे व्यक्तीचा मान राखते. नाव बदलले म्हणून द्रव्य बदलले नाही. त्याचा भाव तर मुळीच नाही. मालाची पारख करणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

तथापि नामाची स्मृती हीही एक ठेव आहे. फर्मोर यांनीच या प्रदेशातील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव एका खडकास दिले. मँगनीजयुक्त गार्नेट व गारगोटी यांचा तो खडक आजही त्याच नावाने ओळखला जातो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात समाविष्ट झाले. येथील शाळांतून या खडकांचे नमुने मांडले जावेत, आणि बिक्सबाइटच्या चिठ्ठीवर ‘पूर्वीचे नाव सीतापाराइट’ एवढे शब्द अवश्य असावेत. नियमाने नाव गेले, ते योग्यच झाले. पण आपल्याच मुलांस ते ठाऊक नसावे, हे मात्र योग्य नव्हे.