नांवापुरती दुकानची मोटार

अमेरिकेंत ‘स्टॉक कार’ या नांवाच्या मोटारशर्यती फार लोकप्रिय आहेत. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानांत विक्रीसाठीं ठेवलेला माल. जी मोटार कोणालाही विकत घेतां येते, तीच मैदानांत उतरवावयाची, असा या नांवाचा मूळ अर्थ. आज मात्र या मैदानांत धांवणारी मोटार कोणत्याच दुकानांत मिळत नाहीं. नांव आणि वस्तु यांची ही फारकत कशी झाली?

या शर्यती भरविणारी ‘नॅसकार’ ही संस्था बिल फ्रान्स यांच्या पुढाकारानें १९४८ सालीं स्थापन झाली. १९४९ च्या जून महिन्यांत शार्लट येथें तिनें केवळ दुकानी मोटारींची पहिली शर्यत भरविली. ग्लेन डनावे सर्वांच्या पुढें आला; परंतु त्याच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या. त्याला बाद करून विजय जिम रोपर याला देण्यांत आला. नियम इतका कडक होता!

हा कडकपणा सैल होण्याचें पहिलें कारण म्हणजे चालकाचा जीव. घरगुती मोटार भरवेगांत उलटली, तर तिचें छप्पर चेपतें. म्हणून आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा आला. १९६४ सालीं फायरबॉल रॉबर्ट्स हा चालक शर्यतींतील आगींत भाजून पुढें मृत्यु पावला. त्यानंतर सहजासहजीं न फुटणारी पेट्रोलची टांकी प्रचारांत आली. प्रत्येक सुधारणेबरोबर मोटार दुकानापासून एकेक पाऊल दूर गेली.

दुसरें कारण वेगाचा हव्यास. ‘रविवारीं जिंकावें, सोमवारीं विकावें’ असा कारखानदारांचा मंत्र होता. १९६९ ची डॉज डेटोना आणि १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड यांना टोंकदार नाक आणि शेंपटीवर उंच पंख होता. ठराविक संख्येनें विक्री झाल्यावांचून मोटारीला शर्यतींत प्रवेश नसे. म्हणून हीं विचित्र वाहनें गिऱ्हाइकांपुढें ठेवण्यांत आलीं. येथें गंगा उलटी वाहूं लागली होती: दुकानची मोटार शर्यतींत जाण्याऐवजीं शर्यतीची मोटार दुकानांत आली. १९७१ मध्यें अशा मोटारींना लहान एंजिनाचें बंधन घालून संस्थेनें त्यांना निरुपयोगी केलें.

तिसरें कारण असें कीं, दुकानच बदललें. १९९८ मध्यें शर्यतींत आलेली फोर्ड टॉरस पाहावी. रस्त्यावरील टॉरसला चार दरवाजे होते व एंजिन पुढचीं चाकें फिरवी; मैदानांतील तिच्या नांवाच्या मोटारीला दरवाजे नव्हते, आणि तिचें आठ सिलिंडरांचें एंजिन मागचीं चाकें फिरवी. कारब्युरेटर तर रस्त्यावरून नाहींसा झाल्यावरही शर्यतींत २०११ पर्यंत टिकला.

२०२२ पासून सर्व संघ एकाच पुरवठादाराचा सांगाडा विकत घेतात. कंपनीचें वेगळेपण उरलें तें मुख्यतः एंजिनांत आणि बाह्य आकारांत. दिव्यांच्या जागीं चित्रें चिकटविलेलीं असतात आणि चालक खिडकींतून आंत शिरतो. तरीही गंमत अशी कीं, या सांगाड्यांतील मागील चाकांची स्वतंत्र जोडणी आधुनिक रस्त्यावरील मोटारीशीं पूर्वींपेक्षां अधिक जुळते.

नांवाच्या खरेपणासाठीं माणसें गमवावीं, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आपल्या दारांत उभी असलेली मोटारच जिंकली, हा प्रेक्षकाचा साधा अभिमान मात्र या प्रवासांत मागें राहिला.